खळ्यावरचा अणू

विश्वाचं रहस्य कोल्हारच्या शिवारातच उलगडायचं, असं विधिलिखित होतं. निदान कृपादान मास्तरांना तसं वाटत होतं; कारण त्यांची नोकरी कायम करायची की नाही, हे ठरवायला तपासणीचे साहेब आले होते.

मास्तरांनी वर्ग थेट आप्पासाहेबांच्या खळ्यावर नेला. "मधला हा खांब, तिवडा, म्हणजे अणुकेंद्र, भोवती फिरणारे बैल म्हणजे इलेक्ट्रॉन!" भुसकटाच्या सोनेरी धुक्यात बैल तरंगू लागले, खुरांचा आवाज विरला, सगळं खळंच आभाळात फिरतंय असं मास्तरांना वाटलं. साहेबांचे डोळे हळूहळू मिटले.

"ह्ये तुमचं इलेक्ट्रान दमत न्हाईत व्हय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कधीच नाही. ऊर्जा मिळाली, की उलट बाहेरच्या कक्षेत उडी मारतात!"

ती ऊर्जा द्यायला मास्तरांनी आतल्या बैलाची मुसकी सोडली. मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नये, असं ते चर्चमध्ये ऐकत वाढले होते.

बैल जागीच थांबला आणि कणसं खाऊ लागला. त्याच्यासोबत एकाच दाव्यात बांधलेले बाकीचे बैलही थांबले.

"मास्तर, तुमचा अणू जेवाया बसला की!"

साहेब घोरत होते.

कृपादान मास्तर कायम झाले. विज्ञान शिकवायला दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता.