न झिजलेल्या दाढा

कवळ्या बनवण्यात त्याची हयात गेली होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो मेणात एकेक दात बसवायचा. समोर तुकडा तोडणारे पटाशीचे दात, त्यांच्या कडेला फाडणारे सुळे, मग चुरडणाऱ्या उपदाढा आणि शेवटी पार पीठ करणाऱ्या दाढा. वापरलेली कवळी हातात आली, की कोण एकाच बाजूने चावतं, हे माणूस न बघताच तो सांगायचा.

त्या दिवशी थोरला भाऊ आईची कवळी रुमालात गुंडाळून घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच बनवलेली.

"पडली, चीर गेलीय. आज दे बाबा, उद्या पाहुणे यायचेत."

त्याने कवळी दिव्याखाली धरली. दाढांवरचे उंचवटे जसेच्या तसे होते.

"दादा, आई जेवताना लावते ना ही?"

दादाने घड्याळ बघितलं. "तिला पातळच बरं पडतं. चावत बसली की तासभर हलत नाही, तुझ्या वहिनीला दुसरी कामं नाहीत का? म्हणून कपाटात ठेवतो. चारचौघांत लावते की."

दादा गेल्यावर त्याने खोलीला कुलूप लावलं आणि तो थेट आईकडे गेला.

आई खिडकीपाशी बसली होती, गालांची खोबण झालेली. पुढ्यात दुधात कालवलेला पाव होता. त्याला बघून तिने वाटी पदराआड सरकवली.

"आई, माझ्याकडे चल राहायला."

दातांवाचून तिचे शब्द फुसफुसत बाहेर पडले, पण त्याला नीट कळले. "दोन वर्षांनी उंबरा ओलांडलास. तोंडदेखलं बोलावू नकोस रे. बायकोला विचारलंस?"

त्याने विचारलं नव्हतं. ती काय म्हणेल, हे मायलेकांना पुरतं ठाऊक होतं. आईने मग वाटी परत पुढे ओढली आणि त्याच्यादेखत चमच्याने खाऊ लागली. तो तिथे फार वेळ थांबू शकला नाही.

परत येऊन त्याने चीर सांधली, कवळी घासूनपुसून लख्ख केली. संध्याकाळी दादा न्यायला आला, तेव्हा बरंच सुनावायचं त्याने ठरवलं होतं.

"झाली?" दादाने विचारलं.

"झाली," तो म्हणाला. "पाहुण्यांसमोर जपून हसायला सांग."