भिंगावरचा डाग

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत बसलेला म्हातारा सूक्ष्मदर्शक तो मीच. तरुणपणी माझ्यापाशी रांग लागे. पुढे शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलं आणि मी अडगळीत पडलो. मग माझ्याकडे येई ती एकटी ताई. ती संशोधन करायची, पण नव्या यंत्रावर तिचा नंबरच लागत नसे.

तिला पडलेलं कोडं असं. पेशीतली काही प्रथिनं गुणसूत्रांवर बसतात आणि कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवतात. पेशी दुभंगायला लागली की त्यांच्या अंगाला फॉस्फेट चिकटतं आणि त्यांना जागेवरून उठवलं जातं. मग तिच्यातून होणाऱ्या दोन लेकपेशींना कसं कळावं, आपण यकृताच्या की कातडीच्या? एखादं प्रथिन मागे राहत असेल का? कुणीच राहत नाही, असं तिच्या मार्गदर्शक बाईंनी उभं आयुष्य शिकवलं होतं. त्या पेशी फॉर्मालिनमध्ये मारून मगच बघत.

ताईने जिवंत पेशी माझ्याखाली ठेवल्या. प्रथिनाला तिने चमकणारी खूण जोडली होती. पेशी दुभंगू लागली, तरी गुणसूत्रांवरचा हिरवा उजेड हलेना. ताई आणखी खाली वाकली. मला मात्र वेगळीच धास्ती. माझ्या भिंगाला बुरशी लागली होती, कित्येक वर्षांत ते कुणी पुसलं नव्हतं. तो उजेड माझाच डाग असला तर? तिची सगळी मेहनत पाण्यात जायची, आणि मला तर सांगायला तोंडही नाही.

बाई आल्या. त्यांनाही तोच संशय. "या म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय," म्हणाल्या. ताईचा चेहरा उतरला. बाईंनी डोळा लावला आणि पेशींची काच हळूच सरकवली. डाग असता तर जागच्या जागी राहिला असता. उजेड पेशीबरोबर सरकला.

बाईंनी काच पुन्हा एकदा सरकवून पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे पेशी मारताना मीच त्या प्रथिनाला धुऊन काढत होते."

ताई घाईघाईने सांगू लागली, की दुसरं एक प्रथिन जिवंत पेशीतही खरोखरच उठून जातं, तेव्हा बाईंचं सगळंच काही चुकलेलं नाही. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझी समजूत घालू नकोस गं. ती बघ, पुढची पेशी दुभंगायला आलीय."

मित्रांनो, आता माझं भिंग रोज पुसतात, तरी धाकधूक जात नाही. म्हणून एक विनवणी. आम्हा जुन्या यंत्रांना पुसत जा, जपत जा. पण पुसल्यावरही आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी खोटं दाखवलं, तर ते माझं मलाही कळणार नाही.