टेलरबाई देवाशी भांडली

बसचालकाला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. शब्द उरला तो एकच, ‘बरं’. चहा देऊ? बरं. तोंडाशी कप नेला की मान फिरवायची. मग नको का? बरं. त्याच्या बायकोचा, म्हणजे टेलरबाईचा, जीव मेटाकुटीला यायचा. एका हाताने त्याला कुशीवर वळवायचं आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाची बाही लावायची, असा तिचा दिवस. पलंग होता मशीनच्याच खोलीत, कारण दुसरी खोलीच नव्हती.

त्यात दर रविवारी उपासना सुटली की नणंदबाई चर्चमधल्या दोघीतिघींना घेऊन हजर. टेलरबाईने स्वतः चर्चला जाणं केव्हाच सोडलं होतं. तिथून येऊन लोक घरात जे बोलत, तेवढं तिला पुरे होतं.

त्या रविवारी चर्चचे पाळकसाहेबही आले. एका नवरीचा पांढरा झगा टाचण्या लावून खुर्चीवर ठेवला होता. नणंदबाई नेमक्या त्यावर बसल्या आणि किंचाळत उठल्या. टाचण्या त्यांना टोचल्या, झग्याची शिवण उसवली, आणि तरी सावरून बसल्याबसल्या म्हणाल्या काय, तर, “वहिनी, धीर धर. देव परीक्षा पाहतोय.”

“मग निकाल कधी लावणार तो?” टेलरबाई कडाडली. “ताई, परीक्षा द्यायची मी आणि पेढीवरच्या शेटजीसारखं बघत बसायचं त्यानं? मला उपदेश नको. ह्यांना उचलून बसवायला हात हवेत. आहेत कुणाकडे?”

नणंदबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पाळकसाहेब म्हातारे होते, गुडघ्यांनी बेजार. ते एवढंच म्हणाले, “हे आम्हाला कशाला सांगताय? त्यालाच सांगा.”

“देवाला? असं?”

“असंच. शास्त्रात देवाशी भांडलेली माणसं पुष्कळ आहेत. त्याने कुणाला हाकलून दिल्याचं मी वाचलेलं नाही.”

टेलरबाईने डोळे मिटले नाहीत की हात जोडले नाहीत. हातात कात्री तशीच धरून, छताकडे पाहत ती बोलत सुटली. मी थकले, म्हणाली. ह्या माणसाने कधी कुणाचं वाईट केलं नाही, म्हणाली. तू आहेस की नाहीस तेही मला आता कळत नाही, आणि असलास तर जरा खाली ये नि ह्यांची चादर बदल. बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि ती मशीनच्या स्टुलावर मटकन बसली.

मग पाळकसाहेबांनी हळूच, चर्चमधल्या प्रत्येक पोराला पाठ असते ती, प्रभूची प्रार्थना सुरू केली. बाया म्हणू लागल्या. दुसऱ्या ओळीला पलंगावरून एक जाड, अडखळता आवाज त्यांच्यात मिसळला. बसचालक म्हणत होता. अख्खी वाक्यं, शेवटच्या आमेनपर्यंत.

“चमत्कार!” नणंदबाई ओरडल्या.

टेलरबाई पलंगाशी धावली. “अहो, बोला! काय हवंय?”

त्याने ओठ हलवले, जोर लावला. “बरं,” म्हणाला आणि रडायला लागला.

“माझ्या भावाचंही असंच झालं होतं,” पाळकसाहेब म्हणाले. “लहानपणी पाठ केलेलं टिकून राहतं, बाकीचं हरवतं. पण आत शब्दांना वाट शिल्लक आहे, एवढं खरं.”

आशा म्हणावी एवढं ते मोठं नव्हतं. पण टेलरबाईला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. देवाने उत्तर दिलं असं तिला वाटलं नाही. त्याने ऐकून घेतलं असं मात्र वाटलं.

बुधवारी नणंदबाई आल्या त्या पदर खोचून. तोंडाने कुरकुर चालूच होती, पण भावाला आंघोळ घातली.

आणि रोज सकाळी नवराबायको तीच प्रार्थना म्हणू लागले. ती शिवता शिवता, तो पलंगावरून. तिची तक्रार अधूनमधून चालूच असायची, देवाकडेही आणि नवऱ्याकडेही. एका सकाळी गिऱ्हाईक दारात उभं होतं, म्हणून ती भराभर उरकायला लागली आणि मधली एक ओळच खाल्ली.

तो थांबला. कपाळाला आठ्या घातल्या.

“हळू,” म्हणाला. “हळू गं!”

मशीनवरचा तिचा पाय थांबला. “एवढे महिने तोंड शिवलेलं,” ती डोळे पुसत म्हणाली, “आणि उघडलं ते मलाच दटावायला!” मग गिऱ्हाइकाला तसंच दारात उभं ठेवून तिने प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली.