निळूभट ताटावरून उठतात

बत्तीस सालच्या सिंहस्थात पंचवटीतल्या एका गल्लीत अकरा खाणावळी निघाल्या. बाराव्या गाळ्यात न्हाव्याचं दुकान होतं, त्यानेही बाहेर भज्यांची कढई मांडली. पण यात्रेकरू गल्लीच्या तोंडाशी उभा राहून एकच प्रश्न विचारी, "आचारी कोण?" अन्न ताजं आहे का, तूप घरचं की डब्यातलं विलायती, हे सगळं नंतर. आधी आचारी कोण ते सांगा.

गोटीराम सिन्नरकडचा. त्याच्या खाणावळीत आचारी होता झिपरू. झिपरू कोण, हे गोटीरामला ठाऊक होतं आणि झिपरूला ठाऊक होतं. तिसऱ्याला कळलं असतं तर दोघांनाही चुलीसकट सिन्नर गाठावं लागलं असतं. झिपरूच्या हाताला चव होती, त्यामुळे त्याला काढणं गोटीरामच्या जिवावर येत होतं. मग त्याने रामकुंडावर जाऊन एक ब्राह्मण आणला.

ते निळूभट. वय साठीच्या पुढे. रामकुंडावर ते संकल्प सांगत, पण दोन वर्षांमागे आवाज बसला आणि यजमान शेजारच्या भटाकडे सरकले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. एकभुक्त राहायचं हे त्यांचं तरुणपणापासूनचं व्रत होतं: दिवसातून एकदाच जेवायचं, आणि एकदा ताटावरून उठलं की त्या दिवसापुरतं अन्न संपलं. अलीकडे चार-चार दिवस ते एकदाही होत नसे, तेव्हा व्रत आपोआप जरा जास्तच पाळलं जाई.

"काम काय?" निळूभटांनी विचारलं.

"जेवायचं," गोटीराम म्हणाला.

"आणि?"

"आनि काय नाय. सोवळं नेसून दारासमोरच्या पाटावर बसायचं, समद्यांना दिसंल असं. खुद्द भटजी जेवत्यात म्हटल्यावर कोन इचारतंय आचारी कोन?"

निळूभटांनीही विचारलं नाही. त्यांच्या घराण्यात पुष्कळ नियम होते, पण आचारी कोण हे विचारलंच पाहिजे, असा काही नव्हता. जे होते ते मात्र त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले.

"जेवताना माझं मौन असतं. तोंडातून शब्द गेला तर उठावं लागतं. आणि गाढव ओरडलेलं कानावर आलं, तरी उठावं लागतं."

"गाढव?"

"आजोबांपासून आहे."

"पर का म्हून?"

"ते आजोबांना विचारायला हवं होतं. तेव्हा आम्ही लहान होतो."

गोटीरामने मान डोलावली. गंगेवरून पाणी वाहायला त्याने त्याच आठवड्यात चिमाजी कुंभाराकडून एक गाढव घेतलं होतं आणि ते मागच्या अंगणात बांधलेलं होतं. हे त्याला त्या क्षणी आठवलं, पण त्याने त्याचं काही केलं नाही. त्याच्या बाजूने एवढं सांगायलाच हवं.

पहिले चार दिवस निळूभट जेवले. वरणभातापासून ताकापर्यंत सावकाश जेवले, आणि चौथ्या दिवशी हात धुताना त्यांना चक्क ढेकर आला. ढेकर आपलाच आहे हे पटायला त्यांना थोडा वेळ लागला.

पाचव्या दिवशी कढीभात चालू असताना मागे गाढव ओरडलं. निळूभटांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो ताटात ठेवला, उजव्या बाजूचं पाणी घेतलं आणि ते उठले. दारात खानदेशातली चौदा माणसं या खाणावळीत शिरावं की समोरच्या, याचा वाद घालत उभी होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "भटजी का उठले हो?" गोटीरामने कारण सांगितलं.

"याला म्हणतात सोवळं!" म्हातारा म्हणाला. "भरल्या ताटावरून उठला माणूस! चला रे, बसा."

चौदाच्या चौदा बसले. समोरच्या खाणावळीचा मालक स्वतः ब्राह्मण होता, अस्सल होता, पण तो कशावरूनच उठत नसे.

दुसऱ्या दिवशी गाढवाचा खुंटा अंगणाच्या टोकावरून उपटून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठोकलेला निळूभटांना दिसला.

"तिथं सावली हाय," गोटीराम म्हणाला.

टाकलेलं ताट माणसाला वाढता येत नाही, म्हणून ते गाढवापुढे जाई. तोवर ते गाढव आपल्या मर्जीने, आपल्या खाजगी कारणांसाठी ओरडत असे. पण ओरडलं की पुऱ्या येतात, हे त्याला तीन दिवसांत कळलं. पहिल्यांदा ते कढीभातावर ओरडलं होतं. मग भाजीवर ओरडू लागलं. पंधरवड्यात ते पहिल्या भातावर आलं.

निळूभटांनी भराभर जेवून पाहिलं. पण आपोष्णी घ्यायची, ताटाभोवती चित्राहुती घालायच्या, हे काही भराभर होत नाही. गाढवाला आपोष्णीची अडचण नव्हती. एकदा त्यांनी कानात कापसाचे बोळे घातले. त्या दिवशी तीन घास शांतपणे पोटात गेले. मग त्यांची नजर वर गेली तर पंगतीतले चाळीस हात चाळीस ताटांवर थांबलेले आणि चाळीस तोंडं त्यांच्याकडे वळलेली. गाढव ओरडलंय हे निळूभटांना तोंडांवरून कळलं. कळणं आणि ऐकणं यात नियमाला फरक नव्हता. ते उठले. पंगत पुन्हा जेवू लागली.

आता लोक त्यासाठीच येत. गाढवाची खाणावळ कोणती, हे टांगेवालाही न विचारता सांगे. साडेबाराला जागा मिळत नसे. झिपरूला कोणी विचारत नव्हतं, तो आत बिडी ओढत, खोकत, सुखाने पुऱ्या तळत होता.

निळूभटांच्या बरगड्या मात्र मोजता येऊ लागल्या. एके दिवशी गोटीरामने त्यांना बाजूला घेतलं. निळूभटांना वाटलं, याला दया आली.

"भटजी, गिऱ्हाईक म्हनतंय, हितलं अन्न अंगी लागत नाय. तुमाला बघूनशान भ्या वाटतंय लोकास्नी. ही शाल घ्या. पांघरूनच बसत जा."

"गोटीराम, ते गाढव विकून टाक रे."

"आन् लोकं काय बघाया येतील? तुमचं जेवन?"

निळूभटांनी शाल खांद्यावर घेतली.

"मंग उठल्यावर मागल्या दारी बसून खा की. कोन बघतंय?"

"एकदा उठल्यावर नाही."

"नेम तुमचा हाय, भटजी. मी का केलाय?" गोटीराम म्हणाला. ते खरंच होतं. नियम मोडावा असं त्यांच्या मनात रोज साडेबाराला येई. पण आवाज गेला होता, यजमान गेले होते, घरचं माणूस गेलं होतं. नियम तेवढे सगळेच्या सगळे शाबूत होते. भाद्रपदाच्या उकाड्यात ते शाल पांघरून पाटावर बसत, दोन घास घेत आणि उठत.

गाढव फुगत चाललं होतं. त्याला पाणी वाहवेना, म्हणून गोटीरामने पाण्याला दुसरं गाढव आणलं. त्याला अंगणात जागा नव्हती, ते गंगेवरच राही.

मोठ्या पर्वणीच्या सकाळी खिडकीखालचं गाढव मेलं. आदल्या दिवशी बासुंदी होती. पोट नगाऱ्यासारखं झालेलं, चारही पाय आभाळाकडे.

निळूभट स्नान करून आले तेव्हा गोटीराम गाढवाशेजारी उकिडवा बसून उपरण्याने डोळे पुशीत होता. "आज पर्वनीचा दिस," तो म्हणत होता, "आन् आजच गेला माझा लेक!"

"वाईट झालं," निळूभट म्हणाले. त्यांना स्वतःच्या आवाजातला आनंद ऐकू आला. दोन वर्षांत एवढा खणखणीत आवाज लागला नव्हता. ते घाईने पाटाकडे गेले.

त्या दिवशी पुरणपोळी होती. आत जागा पुरेना म्हणून गोटीरामने रस्त्यावर पंगत मांडली होती. माणसं भिंतीवर चढून बसली होती. निळूभटांनी आपोष्णी घेतली, चित्राहुती घातल्या. पहिला घास घेतला. मागे सगळं शांत होतं. दुसरा घास. तिसरा. वरणभात संपला. महिन्याभरात त्यांनी ताटाचा तळ पाहिला नव्हता. त्यावर एक कमळ कोरलेलं होतं. हे ते विसरलेच होते. भरलं वांगं संपलं. पंगतीत कुजबुज सुरू झाली. "आज ओरडत नाही का हो?" "आम्ही पार भुसावळहून आलो!" एक बाई गोटीरामला विचारू लागली, "मग आचारी कोण आहे तुमचा?"

गोटीराम आत गेला.

निळूभटांनी पुरणपोळी पुढे ओढली. तीवर तूप होतं, आणि त्यांना ते डब्यातलं आहे हे वासावरून कळलं आणि तरी ते फार चांगलं वाटलं. त्यांनी तुकडा मोडला.

मागे गाढव ओरडलं.

चांगलं ओरडलं. सुरुवात हुबेहूब होती, मधला चढ तर मेलेल्या गाढवापेक्षा सरस. शेवटी मात्र त्याला बिडीचा खोकला आला.

निळूभटांचा तुकडा तोंडाशी थांबला. हे गाढव नव्हतं, हा झिपरू होता. झिपरू ओरडला तर उठावं, असा नियम आजोबांनी केलेला नव्हता. ते खुशाल खाऊ शकत होते. त्यांनी नजर वर केली. दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. भिंतीवरचे लोक बघत होते. "बघा, बसलाय!" कोणीतरी म्हणालं. "भ्रष्ट आहे मेला! उठा हो, इथे जेवू नका!" पाटांची खळबळ सुरू झाली.

त्यांना एवढंच सांगायचं होतं: तो आचारी आहे. तीन शब्द. पण सांगायचं तर बोलायला हवं होतं. आणि बोललं तर उठावं लागणार होतं.

निळूभटांनी यावर बराच विचार केला. तुकडा तोवर हातात होता आणि त्यातून तूप मनगटापर्यंत आलं होतं. मग त्यांनी तो ताटात ठेवला, पाणी घेतलं आणि ते उठले.

"वा, भटजी, वा!" दोनशे माणसं म्हणाली, आणि जेवायला लागली.

गोटीरामने ताट उचलून सवयीने मागे नेलं. खिडकीखाली गाढव नव्हतं. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि ते ओरडणाऱ्यापुढे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी झिपरू वरणभातालाच ओरडला.