मास्तरांना विचारलं कुणी?

नर्स दारातून आत आली तेव्हा नळी जमिनीवर वेटोळं घालून पडली होती आणि मास्तरांचा मुलगा घरात साप निघाल्यासारखा तिच्याकडे बघत उभा होता.

"तिसऱ्यांदा उपसली, सिस्टर. हात बांधले होते हो मी! तरी काढली."

मास्तर म्हणजे गल्लीतले जुने शिंपी. घशाच्या कर्करोगाने त्यांचा आवाज केव्हाच नेला होता, मग घास गिळणंही नेलं. आता नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवाटे पातळ अन्न जायचं, तेवढंच. यातून उठणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलगाही शिंपी, लोक त्याला धाकटे मास्तर म्हणत. दुकान बंद ठेवून तो बापाच्या खाटेला चिकटून होता. सेवेत कसर म्हणून नव्हती, पण दर दोन वाक्यांनी 'ताई काय म्हणेल' हे यायचंच. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, परगावी असायची आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी फोनवरून बापाचं जेवण हाकायची.

"भ्रम झालाय त्यांना," धाकटे मास्तर म्हणाले. "डॉक्टर बोलले होतेच, शेवटी शेवटी असं होतं."

"होतं," सिस्टर म्हणाली. तिला घाई होती, अजून दोन घरं बाकी होती. तिने हात धुतले, नवी नळी काढली, टोकाला जेली लावली. याआधी दोनदा तिनेच ती पुन्हा घातली होती. 'गिळा, गिळा, शहाणे ना तुम्ही!' असं लहान पोराला चुचकारावं तसं चुचकारत. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. नळी जाताना सगळ्यांच्याच येतं, असं ती धरून चालली होती.

मास्तरांचं डोकं उंच करायला तिने उशी ओढली, तर तिच्याखालून सुती पट्टी निघाली. बोटांवर लपेटून, टोक आत खोचून, अगदी निगुतीने गुंडाळलेली.

"ही तुम्ही ठेवलीत?"

"नाही. याच पट्टीने दोन्ही मनगटं एकत्र बांधली होती." त्याच्या आवाजात थोडी फुशारकीही आली. "आमची दुकानातली गाठ आहे, सिस्टर. गठ्ठे बांधायची. जितकी ओढाल तितकी आवळते. माहीत असलेल्यालाच सुटते."

"आणि शिकवली कुणी तुम्हाला?"

त्याने खाटेवरच्या बापाकडे पाहिलं. मग पुटपुटला, "अप्पांनी."

सिस्टरने मास्तरांची मनगटं उलटून पाहिली. कुठे वळ नाही, खरचटलेलं नाही. भ्रमातला माणूस हिसके देतो, कातडी सोलून घेतो. या माणसाने शांतपणे गाठ सोडवली होती, नळी काढली होती आणि वर कापड वाया जाऊ नये म्हणून पट्टी गुंडाळून ठेवली होती. आणि आपण? एवढी वर्षं नोकरी करून आपण याला एका शब्दाने विचारलं नाही! तिला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेपाठोपाठ राग आला.

तिने नळी ट्रेमध्ये ठेवली.

"सिस्टर, घाला ना." धाकट्या मास्तरांनी बापाचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

"आधी हात सोडा त्यांचे."

"नाही सोडणार. तुम्ही घाला."

"मी घालणार नाही."

"मग काय बापाला उपाशी मारू?" तो ओरडला. "उद्या ताई येऊन विचारेल, अप्पांना खायला का नाही घातलंस? काय तोंड दाखवू मी तिला?"

खाटेवर मास्तरांचा श्वास जोरात चालला होता. सिस्टर वाकली, मुलाच्या मुठीतून तिने एक हात सोडवला आणि त्यात आपलं बोट दिलं.

"मास्तर, हो असेल तर बोट दाबा. नाही असेल तर सोडून द्या. हा तुमचा मुलगा?"

बोट दाबलं गेलं.

"मी तुमची सून?"

बोट सुटलं. मास्तरांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

"नळी परत घालू?"

सुटलेला हात तसाच पडून राहिला. तिने पुन्हा बोट दिलं. "म्हणजे नळी नकोच?"

त्या काडीसारख्या बोटांत एवढं बळ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"दुखतंय?"

मास्तरांनी दाबलेलं बोट सोडलंच नाही.

धाकट्या मास्तरांनी बापाचा दुसरा हातही सोडला. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पहिल्यांदा काढली ना, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली होती. नको, नको, म्हणून. म्हणूनच तर बांधलं मी."

सिस्टरच्या जिभेवर जळजळीत काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. त्याच्यापेक्षा ती कुठे शहाणी ठरली होती? "अन्न थांबलं म्हणून ते चाललेले नाहीत," ती म्हणाली. "ते निघालेत, म्हणून अन्न नकोसं झालंय."

तिने डॉक्टरांना फोन लावला, बोटाचं सगळं सांगितलं. "शुद्धीत आहेत आणि नको म्हणतायत, तर नको," डॉक्टर म्हणाले. "दुखणं आधी थांबवा. मी येतोच." त्यांनी सांगितलं तेवढं औषध तिने मास्तरांना विचारून कातडीखाली टोचलं. हळूहळू कपाळावरच्या आठ्या सैलावल्या, श्वास खाली बसला.

"मग मी काय करू?" मुलाने विचारलं. नुसतं बसून राहणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

तिने गॉजच्या कापडाचा तुकडा पाण्यात भिजवून, पार पिळून त्याच्या हातात दिला. "तोंड कोरडं पडतं, त्याचा फार त्रास होतो. ओठ, मग जीभ. हलक्या हाताने. पण आधी विचारायचं."

"अप्पा," तो खाटेवर वाकला, "पुसू?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

तो पुसत असतानाच फोन वाजला. ताईचा. एका हाताने त्याने तो कानाला लावला आणि पलीकडून रोजचाच प्रश्न आला, खाटेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने: अप्पा जेवले का?

धाकट्या मास्तरांनी बापाकडे पाहिलं. बाप त्यांच्याकडेच बघत होता.

"नाही, ताई," ते म्हणाले. "नको म्हणाले."