उशिरा आलेली भिंगरी

मित्रांनो, मी एक जुना लोड आहे. टेकून आरामात बसायचा असतो, तसला नव्हे. माझ्या पोटात जाड पुठ्ठ्याची नळी आहे, तिच्यावर स्पंजचे थर आहेत आणि वरून निळं रेक्झिन आहे. एक टोक मात्र लाल आहे, कारण मला शिवता शिवता निळं संपलं. लहान मुलांना व्यायाम देण्याच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. आता मी त्या खोलीबाहेर, बाकाशेजारी भिंतीला लागून पडलेला असतो. येणारे-जाणारे माझ्यावर पिशव्या ठेवतात. त्याचं मला दुःख नाही. दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे.

मला ज्यांनी घडवलं, त्यांना सगळे कुशनवाले म्हणत. बसच्या आणि ट्रकच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. पुढे दुकान, मागे घर. एकदा व्यायामाच्या ताई त्यांच्याकडे माप घेऊन आल्या.

"शिवण मधोमध येता कामा नये," ताई म्हणाल्या. "बाळ यावर पालथं झोपणार आहे. पोटाला टोचेल."

"गादी सोडून बाळाला नळीवर झोपवणार? काय गुन्हा केलाय त्यानं?" कुशनवाल्यांनी विचारलं.

ताई हसल्या. "तुम्ही शिवा तर खरं!"

मी तयार झालो तेव्हा कुशनवाले स्वतःच माझ्यावर पालथे पडून बघायला गेले, आणि गडगडत जाऊन थेट शिलाई मशीनच्या पायाशी थांबले. दारात उभी असलेली त्यांची बायको पोट धरून हसली. तिच्या कडेवर त्यांची मुलगी होती, काही महिन्यांची. आईच्या पोटात असताना ती इतकी गरगर फिरायची, की जन्माआधीच तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

"आण इकडे, पहिला मान तिचा," म्हणत त्यांनी भिंगरीला माझ्यावर ठेवलं. ती फळीसारखी ताठ झाली. मुठी गच्च आवळलेल्या, पाय एकावर एक, कात्रीसारखे. मग ती जोरात रडली.

"हिचं असंच होतं बघा," आई म्हणाली. "लंगोट बदलताना पाय सुटतच नाहीत. लस देणाऱ्या बाई म्हणत होत्या, एकदा दाखवून घ्या."

"अगं, ताकद आहे पोरीत!" कुशनवाल्यांनी मुलीला वर उचललं. "आणि घाई कसली? मीही उशिराच चाललो होतो. आई सांगायची ना."

आईने भिंगरीला त्यांच्याकडून घेतलं आणि ती घरात गेली. दुसऱ्या दिवशी मला टेम्पोत घालून ताईंच्या खोलीवर पोचवलं. मला तेव्हा काय कळत होतं! नवं रेक्झिन चकाकत होतं आणि मी त्याच आनंदात होतो.

मित्रांनो, त्या खोलीत मी काय करायचो ते सांगतो. एका भिंतीला मोठा आरसा होता, खाली जाड चटया, खिडकीत खुळखुळ्यांची टोपली. ज्या बाळांची मान धरत नाही, ज्यांचं अंग लाकडासारखं कडक किंवा अगदीच लुळं पडलेलं असतं, अशी बाळं तिथे येत. ताई त्यांना माझ्यावर पालथं ठेवत, कमरेला हात लावून हळूहळू पुढेमागे झुलवत आणि समोर खुळखुळा वाजवत. तो बघायला बाळ मान उचलायचं. आधी ती जराशी वर यायची आणि लगेच पडायची. पुढे काही वेळ टिकायची. ताई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "हा माझा बिनपगारी मदतनीस!" मी फुगून जायचो.

कुशनवाले कधी चटई शिवून द्यायला, कधी खुर्चीचं कुशन बसवायला येत. ताई विचारायच्या, "मुलगी कशी आहे?" ते म्हणायचे, "एकदम मजेत!" आणि टाके घालून निघून जायचे. दोघांचंही बोलणं तेवढ्यावरच थांबायचं. एक वाक्य अजून पुढे गेलं असतं तर! पण नाही गेलं.

अशी वर्षं निघून गेली. माझं रेक्झिन एका बाजूला फाटलं, म्हणून ताईंनी कुशनवाल्यांना बोलावलं. ते सुई-दोरा घेऊन चटईवर बसले. माझं अर्धं अंग त्यांच्या मांडीवर, आणि माझ्या दुसऱ्या टोकाशी ठिपका. ठिपका म्हणजे एक बाळ. वेळेआधी जन्मलेलं आणि एवढंसं, म्हणून ते नाव. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून तो घरी निघाला, तेव्हाच तिथल्या नर्सने त्याच्या आईला बजावलं होतं, "बाळ छान दिसलं तरी तपासण्या चुकवू नका." आईने चुकवल्या नाहीत, म्हणून तो मांडीत मावत होता तेव्हाच इथे पोचला.

ताई ठिपक्याचे पाय सोडवत होत्या. ते पुन्हा पुन्हा कात्रीसारखे एकमेकांवर जात होते. कुशनवाल्यांची सुई थांबली.

"याला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"सेरेब्रल पाल्सी," ताई म्हणाल्या. "मेंदूला जन्माच्या आसपास इजा झाली की तिथून हातापायांना जाणारा निरोप नीट पोचत नाही. इजा जात नाही. पण इतक्या लहानपणी मेंदू दुसरी वाट लवकर शोधतो. ती वाट त्याला रोज दाखवावी लागते, बस."

कुशनवाल्यांनी सुई खाली ठेवली. मग म्हणाले, "आमची भिंगरीही पाय असेच करते."

"किती वर्षांची झाली?"

"चौथं लागेल आता."

ताईंचे हात ठिपक्याच्या गुडघ्यावर तसेच राहिले. "बसते का?"

"उशी लावून बसते. आळशी आहे जरा." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. "आळशीच आहे असं वाटायचं आम्हाला."

"उद्या घेऊन या," ताई एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी माझी शिवण अर्धवटच राहिली.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला माझ्यावर ठेवलं आणि मी तिला लगेच ओळखलं. तीच आवळलेली मूठ, तेच पाय. फक्त आता ते पाय नुसते ताठ नव्हते, आखडून गेले होते. ताई ते अलगद सोडवू बघत होत्या आणि ती कळवळत होती. बाकावर बसलेली तिची आई स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाली, "मी सांगत होते तुम्हाला." एकदाच म्हणाली. पुन्हा कधीही नाही.

जाताना कुशनवाल्यांनी ताईंना दाराशी गाठलं. "तेव्हाच आणली असती तर चालली असती का हो ही?"

ताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "ते मला नाही सांगता येणार. प्रत्येक मूल वेगळं असतं. पण हे सगळं तिला इतकं जड गेलं नसतं, एवढं नक्की."

भिंगरी रोज येऊ लागली. तिला माझ्यावर घोड्यासारखं बसवत, म्हणजे पाय आपोआप दोन बाजूंना राहत. बोलणं अडखळत असलं तरी तिचा तोरा मोठा. "बाबा, घोडा नीट चालवा! झोपलाय तो!" असं ती दरडावायची आणि कुशनवाले गुडघ्यांवर बसून मला डोलवायचे. ती आधाराशिवाय बसायला शिकली. दोन्ही हातांत कप धरून प्यायला शिकली. पुढे चाकांच्या खुर्चीत बसून शाळेत जाऊ लागली आणि वर्गात सगळ्यांवर हुकूम चालवू लागली. यातलं काहीच थोडं नव्हतं, मित्रांनो. पण उभं राहायचं म्हटलं की तिचे पाय दगा द्यायचे. ताईंनी जंग जंग पछाडलं. जो काळ हातातून गेला होता, तो मात्र कोणाच्याच हाती लागला नाही.

मग एका सकाळी ठिपका चालला. पायांत पट्ट्यांचे बूट होते, एक खांदा कलला होता, चाल डुगडुगती होती. पण कोणाचाही हात न धरता तो आरशापर्यंत गेला आणि आरशातल्या स्वतःला त्याने पापा दिला. खोलीत एकच गलका झाला. त्याची आई तर रडायलाच लागली. भिंगरी माझ्यावर बसली होती. तिने एका हाताने माझ्यावर थापा मारून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात तिच्याच.

गलका ओसरल्यावर तिने विचारलं, "बाबा, ठिपका इथे आला तेव्हा केवढासा होता! मी तेवढी होते, तेव्हा मला का नाही आणलं इथे?"

कुशनवाले माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांनीच घातलेले टाके ते जणू मोजत होते. "मला वाटलं, तुझ्यात खूप ताकद आहे," ते शेवटी म्हणाले.

"आहेच," भिंगरी म्हणाली. "पण मला शिकवायचं ना कोणीतरी, ती कुठे लावायची."

कुशनवाले उठून बाहेर गेले. आईने तिला कडेवर घेतलं. माझ्या पाठीवर तिची ऊब थोडा वेळ राहिली.

पुढे माझी नळी मधून दबली. हलके, रंगीत, नवे लोड आले आणि मला खोलीबाहेर ठेवलं. रागवायचं कोणावर? दबलेल्या लोडावरून बाळ घसरतं.

कुशनवाले मात्र अजून येतात. सीट शिवायला आलेल्या प्रत्येकाला ते घरातल्या बाळाबद्दल विचारत सुटतात. मान धरली का? दोन्ही हात सारखे चालतात का? पाय आखडतात का? लोक हसतात, काही चिडतात. परवा एका ट्रकवाल्याला, त्याच्या बायकोला आणि तिच्या सासूला ते इथपर्यंत घेऊन आले. सुनेच्या मांडीवर बाळ होतं, मान अजून न धरलेलं.

सासू कुरकुरत होती. "लहान आहे अजून. होईल सगळं हळूहळू. उगाच घाबरवता तुम्ही माणसांना."

"घाबरा," कुशनवाले म्हणाले. "मी घाबरलो नव्हतो."

ताईंनी दार उघडलं, बाळाला आत घेतलं. कुशनवाले आत गेले नाहीत. माझ्यावरच्या पिशव्या बाजूला सारून ते माझ्यावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं. त्यांचं सगळं वजन माझ्या दबलेल्या पोटावर आलं. मी ते धरून ठेवलं. दुसरं काय करणार होतो?

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, पण तुमच्या घरी तुमच्याहूनही लहान कोणी असेल. तुम्ही त्याच्याशी खेळता, त्याच्या मुठीत बोट घालता. काही वेगळं जाणवलं तर मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, तुला काय कळतंय. पुन्हा सांगा. आणि वर्गात एखादी भिंगरी असेल, तर तिचं अडखळतं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा. तिच्यासाठी निदान आता तरी कोणी उशीर करू नये.

आतून खुळखुळा वाजला. सासू उठून दाराच्या फटीतून बघू लागली. "उचलतोय," ती हळूच म्हणाली. "थोडी उचलतोय मान."

कुशनवाल्यांनी तोंडावरचे हात काढले नाहीत.