खडकावरचे ठोके

सकलैनने धनंजयचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, कारण आता ओढाओढ झाली की अंगठा गेलाच म्हणून समजा. पण पाण्याखाली हे समजावणार कसं? धनंजय पाय झाडत होता, तोंडातून बुडबुड्यांचे लोट सुटले होते आणि त्याचा उजवा अंगठा मुळापर्यंत गंगुबाईच्या जबड्यात होता. गंगुबाई म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारी, मांडीएवढ्या जाडीची वाम. तिने अंगाला पीळ दिला. धनंजयने जिवाच्या आकांताने हात मागे खेचला. तेवढ्या खोलात रक्त लाल दिसत नाही. हिरवा धूर निघावा तसं ते दोघांच्या मध्ये पसरलं आणि धनंजयचा कॅमेरा फ्लॅश मारत वाळूत पडला.

वामेचं हे नाव धनंजयनेच ठेवलं होतं. मूळचा पुण्याचा हा इंजिनिअर आखातात अल हैलला राहायचा आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कॅमेरा घेऊन सीब बंदरातून बोटीने इथे यायचा. तिला माणसाळवलं होतं मात्र सकलैनने. तो हर्णैचा, अर्बाबच्या म्हणजे अरब मालकाच्या बोटीवरून गिऱ्हाइकांना खाली घेऊन जाणारा. लोखंडी कांबेने खडकावर तीन ठोके दिले की गंगुबाई बाहेर यायची, त्याच्या तळहातावर हनुवटी टेकायची आणि माकूल मासळीचा तुकडा घेऊन आत जायची. गिऱ्हाइकांना फोटो मिळायचा. वामेला दिसतं कमी, ती वासावर तोंड मारते, हे सकलैन प्रत्येकाला बोटीवरच बजावायचा. पण धनंजयला फोटोत तिचा उघडा जबडा हवा होता. त्याने माकूल मुठीत लपवलं आणि अंगठा तेवढा बाहेर ठेवला. काय म्हणावं या शहाणपणाला!

बोटीवर, अंगठा गेलेल्या हाताला गुंडाळलेला टॉवेल भिजून गच्च झाला होता. धनंजयचे ओठ पांढरे पडले होते.

"मारून टाक तिला, सकलैन."

"साहेब, चूक तिची नाही."

"मग कुणाची? हाताला तोंड लावायला तूच शिकवलंस ना?"

अर्बाबने इंजिन सुरू केलं.

"कल खलास करो उसको," तो म्हणाला. "तुम नहीं करेगा तो मैं दूसरा आदमी भेजेगा. भाला लेके."

दुसऱ्या दिवशी सकलैन एकटाच खाली उतरला. पोटरीला सुरी बांधलेली, हातात कांब. दुसऱ्या कुणी तिला भोसकून अर्धमेली टाकण्यापेक्षा आपणच एका घावात संपवू, असं ठरवून तो आला होता. त्याने तीन ठोके दिले. गंगुबाई आली. काल काही घडलंच नाही अशा थाटात तिने त्याच्या तळहातावर हनुवटी टेकली. मान अगदी आयती समोर होती. सकलैनचा हात सुरीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मग त्याला तिचाच राग आला. इतका विश्वास कुणावर ठेवावा? त्याने कांब उचलली आणि तिच्या डोक्यात घातली. ती आत सटकली. त्याने रिकामा हात पुढे केला. ती आली. त्याने पुन्हा हाणली. तिच्या नाकाडावरची कातडी फाटली. हाताची दहशत बसली, तर ती कुणाच्याच हाताला येणार नव्हती आणि अर्बाबच्या भाल्यालाही सापडणार नव्हती. पण ती पुन्हा आली. निम्मे घाव खडकावर बसत होते, आणि आत बसलेल्या जनावराला घाव काय नि ठोका काय, आवाज तोच. तो तिला हाकलत होता आणि त्याची कांब तिला जेवायला बोलावत होती.

हे ध्यानात आलं तेव्हा त्याने कांब फेकून दिली आणि मुठीनेच मारायला लागला. तिच्या दातांवर त्याची बोटं सोलवटली. ती चावली नाही. चावली असती तर बरं झालं असतं. हिरवा धूर पुन्हा पसरला. त्यात तिचं किती नि त्याचं किती, कळायला मार्ग नव्हता. मास्कच्या आत त्याचे डोळे भरून आले आणि पुसायची सोय नव्हती.

शेवटी ती आत गेली ती गेलीच.

त्याने हात पुढे केला. कुणी आलं नाही. वाळूत चाचपून त्याने कांब शोधली आणि खडकावर तीन ठोके दिले. आत दोन डोळे हलले आणि आणखी मागे सरकले. थोडं थांबून त्याने पुन्हा ठोके दिले. आता डोळेही दिसले नाहीत. शिकली होती बिचारी. आता खुशाल पाठवू दे अर्बाबला कुणाला पाठवायचं ते.

पाठीवरच्या टाकीतल्या हवेचा काटा तांबड्याकडे झुकला होता. काम झालं होतं, वर जायला हवं होतं. सकलैनने सवयीने आणलेला माकुलाचा तुकडा खिशातून काढला, सोलवटलेल्या हाताच्या तळव्यावर ठेवला आणि कपारीच्या तोंडाशी पुन्हा तीन ठोके दिले, या वेळी अगदी हळू.